याकिमाच्या खोऱ्यातली गाणारी मुलगी

2022 सालच्या जून महिन्यात मुलीकडे, अमेरिकेतील सिॲटल शहराजवळ, दोन महिने राहण्याचा योग आला. इंदूरहून निघताना बॅगेत शेव, जिरावण आणि मेतकूट ह्यांची पुडकी होती आणि मनात नातीला शिकवायच्या गोष्टींची एक भली मोठी यादी होती. पुडकी मुक्कामी सुखरूप पोचली. यादीचे मात्र काही खरे झाले नाही. नात तेव्हा चौदा वर्षांची होती. ती माझ्याशी अतिशय अदबीने वागे, पाण्याचा पेला आणून देई, हरवलेला चष्मा शोधून देई; परंतु मी मराठीत काही विचारले की उत्तर इंग्रजीत येई, आणि तेही एका वाक्यात. ह्या अबोल्याचे कारण मला ठाऊक होते. ते मी पुढे सांगणार आहे. आत्ताच सांगण्याइतका धीर अजून गोळा झालेला नाही.

एका रविवारी जावयांनी चेरी तोडायला जाण्याचा बेत केला. त्या देशात बागेचा मालक बादली हाती देतो. आपण झाडावरची फळे आपल्या हाताने तोडायची आणि निघताना वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. सिॲटलहून पूर्वेला अडीच तास मोटार गेली. वाटेत कॅस्केड पर्वताची रांग लागते. तिच्या अलीकडे दाट अरण्य, ओली हवा आणि सदा भरून आलेले आभाळ. घाट ओलांडून उतरू लागलो तो देशच बदलला. सह्याद्रीच्या माथ्यावरून माणदेशाकडे उतरावे तसा सगळा रंग उडून गेला. उघडे, करडे डोंगर आणि त्यांच्यामध्ये याकिमा नदीचे खोरे. ह्या खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही सफरचंद, चेरी, द्राक्षे आणि बिअरमध्ये घालायचे हॉप्स ह्यांनी ते गच्च भरलेले आहे. कारण पर्वतावरचे बर्फ वितळून आलेले पाणी कालव्यांनी रानारानांत खेळवलेले आहे. पाणी पर्वताने दिले. हात कोणी दिले, ते बागेत गेल्यावर दिसले.

शेजारच्या रांगांत मजूर शिड्या लावून फळे उतरवीत होते. बायका होत्या, म्हातारे होते, कोवळी मुलेही होती. एका शिडीच्या पायरीला लहानसा ध्वनिक्षेपक टांगलेला होता आणि त्यातून एका मुलीचा आवाज येत होता. साथीला नुसत्या गिटारी. ढोल नाही, ताशा नाही. भाषा मला कळण्यासारखी नव्हती. परंतु आवाज असा होता की माझा हात चेरीवरच थांबला. घसा मधेच चिरल्यासारखा होई. वाटे, आता ही रडते की काय. आणि त्याच चिरेतून सूर पुन्हा वर निघे. आमच्या लहानपणी दळताना एखाद्या बाईचा आवाज असा चढे.

मी नातीला विचारले, “कोण गं ही?” तिने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले आणि इंग्रजीत सांगितले, “आजी, ती इथलीच आहे. ह्याच खोऱ्यातली. पंधरा वर्षांची आहे.” मग बादली खाली ठेवून ती मुलगी ते गाणे गुणगुणू लागली. स्पॅनिश तिला शाळेत शिकवतात तेवढेच येत होते. पण गाणे शेवटपर्यंत पाठ होते.

त्या गायिकेचे नाव याहरित्सा मार्टिनेझ. तिच्या दोन थोरल्या भावांसह ती जो संच चालवते त्याला ‘याहरित्सा ई सू एसेन्सिया’, म्हणजे ‘याहरित्सा आणि तिचा अर्क’ असे नाव आहे. नाव ऐकून मला प्रथम केवड्याच्या अर्काची बाटली आठवली, हे कबूल करते. थोरला भाऊ मांदो बारा तारांची गिटार वाजवतो. मधला हाइरो ‘बाहोलोचे’ नावाची खर्जाची मोठी गिटार वाजवतो. घराणे मूळचे मेक्सिकोतील मिचोआकान प्रांताचे, आणि इकडे आल्यावर मळ्यांत, फळबागांत राबणारे. मुलगी मात्र जन्माने अमेरिकन.

मेक्सिकन मजूर ह्या उत्तरेकडच्या खोऱ्यात आले कसे, हा प्रश्न माझ्या मनात आला, तसा तो वाचकांच्याही मनात येईल. मेक्सिकोची सरहद्द इथून जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील तरुण फौजेत गेले आणि शेते ओस पडू लागली, तेव्हा 1942 साली दोन्ही सरकारांनी करार करून मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणण्यास आरंभ केला. ह्या मजुरांना ‘ब्रासेरो’, म्हणजे बाहुबळावर कमावणारे, असे म्हणत. हा करार 1964 पर्यंत चालला. टेक्ससमधूनही मेक्सिकन वंशाची कुटुंबे पिकामागून पीक धरीत वर सरकली. करार संपला, पण वाट पडली होती ती पडलीच. आज याकिमा परगण्यातील सुमारे निम्मी वस्ती ह्या लोकांची आहे. 1979 साली ग्रेंजर नावाच्या तिथल्या लहानशा गावात केडीएनए हे स्पॅनिश नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याने स्वतःला ‘शेतकामगाराचा आवाज’ म्हणवून घेतले. पहाटे चारला शिडीवर चढणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत हवामान, कायदा आणि गाणे ऐकवणारे ते केंद्र. आपल्याकडे इंदूरच्या आकाशवाणीवर मराठी गीतांची एखादी घटका लागली की स्वयंपाकघरातली भांडी कशी गप्प होत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा केंद्राचे मोल निराळे सांगायला नको.

आता ह्या संगीताविषयी थोडे. मुलीने मला तिच्या संगणकावर बरेच ऐकवले आणि मी शिक्षिकेच्या सवयीने टिपणे काढली.

‘प्रादेशिक मेक्सिकन’ हे नाव मेक्सिकोतल्या कोणा गवयाने दिलेले नाही. अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनी सोयीसाठी एका फडताळावर ती चिठ्ठी चिकटवली आणि आत वाटेल ते कोंबले. लावणी, भजन, पोवाडा आणि दशावतार ह्या सर्वांवर मिळून ‘कोकण-देश प्रकार’ अशी पाटी लावावी तसला हा कारभार. आत खरोखर काय आहे पाहावे, तर व्हायोलिन व तुतारी घेऊन येणारे मारियाची आहे, सिनालोआ प्रांतातील पितळी वाद्यांचा बांदा आहे, आणि उत्तरेकडचे नोर्तेन्यो आहे. नोर्तेन्योत जे अकॉर्डिअन वाजते ते टेक्सस व उत्तर मेक्सिकोत वस्तीला आलेल्या जर्मन आणि चेक लोकांकडून त्यांनी उचलले. (ह्यात नवल वाटायला नको. आपल्या कीर्तनातली पेटी तरी कोणत्या संताने घडवली?) ह्या सर्वांतून वाहणारा एक जुना प्रवाह म्हणजे ‘कॉरिदो’. घडलेली घटना गाऊन सांगायची, वीराचे नाव घ्यायचे, गावाचे नाव घ्यायचे, साल सांगायचे. 1910 च्या मेक्सिकन क्रांतीत असे शेकडो कॉरिदो गावोगाव फिरले. पोवाड्याच्या जातीची ही चीज मराठी कानाला पहिल्या भेटीतच ओळखीची वाटते.

आणि शेवटी ‘सिएरेन्यो’, म्हणजे डोंगरवस्तीचे गाणे. त्याला फार काही लागत नाही. चढ्या सुरात लावलेली ‘रेकिंतो’ नावाची गिटार, साथीला दुसरी गिटार, खालून खर्ज. खर्जाला कधी ट्यूबा हे पितळी वाद्य असते. सिनालोआतील ग्वामुचिल गावचा आरिएल कामाचो हा तरुण रेकिंतो अशी काही वाजवी की अमेरिकेतील मेक्सिकन मुलांनी त्याला आदर्श मानले. 2015 च्या फेब्रुवारीत मोटारीच्या अपघातात तो गेला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या पश्चात कॅलिफोर्नियातील कितीतरी शाळकरी पोरांनी गिटारी मिळवल्या आणि आपापल्या खोलीत बसून त्याची बोटे गिरवली. परंतु ह्या मुलांच्या आयुष्यात घोडा नव्हता, पिस्तूल नव्हते, डोंगरही नव्हता. त्यांच्याजवळ होते ते शाळेतले एकटेपण आणि पहिल्या प्रेमाचा भंग. तेव्हा त्यांनी डोंगराची गिटार घेतली आणि तिच्यावर स्वतःचे दुःख घातले. लोक त्याला ‘उदास सिएरेन्यो’ म्हणू लागले. मला ह्या सगळ्या हकिगतीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. नातवंडांनी आजोबांचे गाणे जसेच्या तसे जपून ठेवले असते तर ते संग्रहालयात गेले असते. त्यांनी ते वापरले.

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडचा इव्हान कोर्नेहो हा त्यांतलाच एक. त्याचे ‘एस्ता दान्यादा’ हे गाणे 2021 साली निघाले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचे व्यवसायपत्र 1958 पासून दर आठवड्याला शंभर लोकप्रिय गाण्यांची यादी छापते. त्या यादीत प्रादेशिक मेक्सिकन म्हणून ओळखले जाणारे गाणे पहिल्यांदा शिरले ते 2021 च्या मे महिन्यात. कोर्नेहोचे गाणे दुसरे. ह्या लोकांची तिथली संख्या कोटींनी मोजावी लागते, आणि तरीही ह्या यादीचे दार उघडायला साठांवर वर्षे जावी लागली.

याकिमाच्या खोऱ्यात त्या तीन भावंडांनी हेच कोर्नेहोचे गाणे घरात बसून म्हटले आणि त्याची चित्रफीत टिकटॉकवर टाकली. ना दिव्यांचा झगमगाट, ना पोशाख. ती हजारो लोकांनी पाहिली, मग लाखोंनी, आणि लुंब्रे नावाच्या एका लहान संगीत-कंपनीने त्यांना करारात घेतले. तेव्हा मुलीने स्वतः रचलेले एक गाणे पुढे केले. ते तिने चौदाव्या वर्षी लिहिले होते. नाव ‘सोय एल उनिको’. 2022 च्या मार्च अखेरीस ते प्रसिद्ध झाले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या यादीत एकदम विसाव्या क्रमांकावर येऊन बसले. ह्या यादीत स्थान मिळवणारी लॅटिन वंशाची सर्वांत लहान कलावंत म्हणून तिचे नाव नोंदले गेले. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

‘मीच तो एकटा’ असा त्या नावाचा अर्थ. लक्षात घ्या, ‘एकटा’, एकटी नव्हे. स्पॅनिशमध्ये आपल्या मराठीप्रमाणेच शब्दाला लिंग असते, आणि ह्या मुलीने आपले पहिले दुःख पुल्लिंगात लिहिले. सोडून गेलेल्या प्रेयसीला उद्देशून मुलगा जे बोलेल ते तिने बोलून दाखवले. मला हे फार शहाणपणाचे वाटले. चौदाव्या वर्षी जे स्वतःच्या नावावर सांगण्याची चोरी असते ते दुसऱ्याचा अंगरखा घालून सांगता येते. आमचे शाहीर फेटा बांधून स्त्रीची विरहिणी लिहीत, त्याचीच ही उलटी बाजू. नातीला मी हे समजावून सांगितले, अर्थात इंग्रजीतून, मोडक्यातोडक्या. तिला ते आवडले असावे. निदान तिने मान हलवली.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात लास व्हेगासला लॅटिन ग्रॅमी पारितोषिके दिली गेली, त्यांत उदयोन्मुख कलावंताच्या पारितोषिकासाठी ह्या भावंडांचे नाव होते. ते त्यांना मिळाले नाही. दोघींत विभागून मिळाले: एक मेक्सिकोची तरुण गायिका सिल्वाना एस्त्रादा, आणि दुसऱ्या क्यूबात जन्मलेल्या आंखेला आल्वारेस. ह्या दुसऱ्या बाईंचे वय तेव्हा पंचाण्णव होते. वडिलांनी तरुणपणी गायला बंदी केली म्हणून त्यांनी सत्तरांहून अधिक वर्षे घरातच गाणी रचली होती. उदयोन्मुख म्हणजे कोण, ह्याचा असा निवाडा मी अन्यत्र पाहिलेला नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीची हार होण्याला ह्याहून चांगले निमित्त शोधून सापडणार नाही.

ह्याच सुमारास त्यांच्या घरावर एक संकट होते. थोरला भाऊ लहानपणी अमेरिकेत आणला गेलेला. बहिणीप्रमाणे तिथे जन्मलेला नव्हे. कागदपत्रे सुधारून घेण्यासाठी तो मेक्सिकोला गेला आणि काही काळ तिकडेच अडकून पडला. बहिणीचे गाणे देशभर वाजत होते आणि त्या गाण्यात गिटार वाजवणाऱ्याला त्या देशात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एका घरातल्या दोन भावंडांच्या मधून सरहद्द जाते ती अशी.

मग 2023 साल आले. ह्या संगीताचे भाग्य उघडले ते खरे त्या साली. कॅलिफोर्नियातल्या पॅटरसन गावचा एस्लाबोन आर्मादो हा मुलांचा संच आणि मेक्सिकोचा पेसो प्लुमा ह्यांनी मिळून म्हटलेले गाणे बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ह्या जातीचे गाणे पहिल्या दहांत येण्याची ती पहिली वेळ. टेक्ससच्या ग्रुपो फ्रोन्तेराबरोबर याहरित्साच्या संचाने म्हटलेले ‘फ्राखिल’ हेही खूप गाजले. आता मूळ देशात, मेक्सिकोत, कौतुक होईल अशी कोणाचीही समजूत झाली असती.

झाले ते उलटे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या एका मुलाखतीतले तुकडे पसरले. मेक्सिकोतले जेवण आपल्याला फारसे आवडत नाही, असे एक भाऊ म्हणाला. राजधानीत सकाळी मोटारींच्या नि पोलिसांच्या गाड्यांच्या गोंगाटाने जाग येते ते आवडत नाही, असे मुलगी म्हणाली. एवढेच. सोळा वर्षांची, खेड्याजवळ वाढलेली मुलगी दोन कोटी वस्तीच्या शहरात जाऊन दुसरे काय म्हणणार? पण ते शब्द आगीसारखे पसरले. ‘आमच्या गाण्यावर पैसा मिळवता आणि आमची पोळी गोड लागत नाही काय!’ असा सूर लागला. त्यांची गाणी ऐकू नका म्हणून हाकाटी झाली. सप्टेंबरात मेक्सिको शहरातल्या एका मोठ्या संगीत-महोत्सवात ती रंगमंचावर आली तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो केली. भावंडांनी क्षमा मागितली, पुन्हा मागितली.

मेक्सिकोत अमेरिकेतल्या मेक्सिकनांना हिणवायला एक शब्द आहे: ‘पोचो’. मूळ अर्थ रंग उतरलेले, किंवा फार पिकून नासू लागलेले फळ. फळबागेत जन्म काढणाऱ्या कुटुंबाच्या मुलीला मायदेशाने ठेवलेले नाव तेच, ह्याची कोणाला गंमत वाटो न वाटो, मला वाटली नाही. हा मार पिढ्यान् पिढ्यांचा आहे. 1958 साली ‘ला बाम्बा’ हे स्पॅनिश लोकगीत जगभर नेणारा रिची व्हॅलेन्स कॅलिफोर्नियात इंग्रजीत वाढला होता. शब्द त्याने कानाने पाठ केले. तो विमान-अपघातात गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. टेक्ससची सेलेना हिला वडिलांनी स्पॅनिश गाणी एकेक अक्षर घोटवून शिकवली, आणि मेक्सिकोतील वार्ताहरांसमोर ती प्रथम बसली तेव्हा अडखळत, हसत, चुका करीत बोलली. तिला मात्र त्यांनी पदरात घेतले. का घेतले आणि हिला का झिडकारले, ह्याचे उत्तर मला सापडलेले नाही. कदाचित सेलेनाने चूक केली ती व्याकरणात. हिने केली ती जेवणात. व्याकरणाची चूक आई पोटात घालते. तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलेले मात्र तिला सोसत नाही.

हे मी तर्काने लिहीत नाही.

1966 च्या मे महिन्यात, खांडव्याला आणि पुढे मनमाडला गाडी बदलून, मी पहिल्यांदा पुण्याला आत्याकडे गेले. वय पंधरा. आमचे घराणे होळकरांच्या काळात माळव्यात गेलेले. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. पुणे म्हणजे आपले मूळ स्थान, तिथे सगळे आपल्यासारखे बोलत असणार, ह्या आनंदात मी रात्रभर खिडकीशी जागी बसले होते. पहिल्याच सकाळी आतेबहीण दूध घेऊन आली, तिला मी कौतुकाने विचारले, “तू कधी आली?” ती थबकली. मग आत ओरडली, “आई गं, ही म्हणते ‘तू आली’! आलीस म्हण, आलीस!” पाठोपाठ पोहे आले. मी पाहिले, वर शेव नाही, जिरावण नाही. मी निरागसपणे म्हणाले, “ह्यात काही मजा नाही.” आत्याच्या यजमानांनी वर्तमानपत्रावरून डोळे काढले आणि म्हणाले, “इंदूरचे तुम्ही. निम्मे हिंदीवालेच झालात की.”

माणसे वाईट नव्हती. आत्याने जाताना मला परकराचे रेशमी कापड दिले. पण पुढचे वीस दिवस मी त्या घरात बोलले नाही. बोलण्यापूर्वी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘स’ आहे की नाही हे मनात तपासायचे, तोवर विषय निघून जायचा. इंदूरला परतल्यावर मी हट्टाने मराठी शिकले. पदवी घेतली, पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, माळव्यातल्या मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने हजारो ‘स’ घातले. पुण्याची माणसे मला ‘तुम्ही मूळच्या सदाशिव पेठेतल्या का?’ असे विचारू लागली तेव्हा मी मनातून सुखावत असे.

आता ते कारण सांगते. 2019 च्या डिसेंबरात मुलीचे कुटुंब इंदूरला आले होते. घरात साखरपुडा होता, चाळीसेक माणसे जमली होती. कोणीतरी नातीला म्हणाले, आजीविषयी काही बोल. अकरा वर्षांची ती मुलगी धिटाईने उभी राहिली आणि म्हणाली, “माझा आजी खूप छान आहे.” पहिली हसले ती मी. मग सगळे हसले. एवढ्यावर थांबते तर बरे होते. पुढचा आठवडाभर जो येईल त्याला मी ‘माझा आजी’ची गोष्ट सांगत होते, तिच्यादेखत, प्रेमाने. ती परत गेली ती मराठी इंदुरातच ठेवून गेली. त्यानंतर दूरध्वनीवर तिची आई म्हणे, “आजीशी बोल,” आणि पलीकडून इंग्रजीत प्रकृतीची चौकशी होई.

2023 च्या ऑक्टोबरात एके रात्री मी इंदूरहून मुलीला दूरध्वनी केला तो नातीने उचलला. काय बोलावे म्हणून मी याहरित्साची चौकशी केली. मुलगी जी उसळली! दहा मिनिटे ती इंग्रजीत भडाभडा बोलत होती. कोण मेक्सिकन आणि कोण नाही हे ठरवणारे हे लोक कोण. ती त्यांच्या भाषेत गाते, त्यांच्या गिटारीवर गाते. तिला कोणी शिकवायला बसले नव्हते. तिने स्वतः हे उचलले. आणि एका वाक्यासाठी हजारो माणसे तिला हसली. मी मधे मधे ‘खरे आहे’, ‘खरे आहे’ म्हणत होते. मग ती एकदम थांबली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा, हळू, मराठीत म्हणाली, “आजी, तू पण हसली होती.”

माझ्या जिभेवर तो ‘स’ आलाच होता. इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात कानाला जाणवले की हे वाक्य पुण्याचे नव्हे आणि अमेरिकेचेही नव्हे. हे आमच्या इंदूरचे बोलणे. माझ्याच लेकीने, जिच्या तोंडचा हा दोष काढताना मी वर्षानुवर्षे हरले, तिने ते सात समुद्रांपलीकडे नेऊन आपल्या मुलीच्या तोंडी ठेवले होते.

“हो गं,” मी म्हणाले, “हसले होते.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने विचारले, “तू आता कधी येणार?”

“चेरीच्या दिवसांत,” मी म्हटले, “आणि येताना शेव आणते.”